अलिबाग की दिवेआगर? आधी परतीची बोट बघा, मग बीच

मुंबईहून गाडी घेऊन बोटीने कुठंतरी समुद्रावर जायचंय, अलिबाग करू का दिवेआगर, हे पावसाळा संपला की दर गुरुवारी मला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या तोपर्यंत तीसेक रील्स बघून झालेल्या असतात, हॉटेलचा ॲडव्हान्ससुद्धा गेलेला असतो, पण बोट कुठून सुटते, तिच्यावर गाडी चढते का, परतीची शेवटची कधी, यातलं काहीच माहीत नसतं. मग रविवारी संध्याकाळी फोन येतो की अरे आम्ही अडकलो. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. क्रम बदलू नका, घोळ होतो तो क्रम बदलल्यामुळेच होतो.

१. दोन बोटी, दोन वेगळे प्रकार

दोन्हीला लोक सरसकट फेरी म्हणतात आणि इथेच पहिली गल्लत होते.

अलिबागसाठी तुम्ही मांडव्याला उतरता. तिकडे जायला गेटवेवरून लाँच आणि कॅटामरान आहेत, पण त्या फक्त माणसांसाठी, साधारण पाऊण ते एक तास लागतो. गाडी न्यायची असेल तर माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत घेणारी मोठी बोट, जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिलाही तासभर लागतो. हा प्रवास उघड्या समुद्रातला आहे, वेळापत्रक ठरलेलं, बुकिंग ऑनलाइन.

दिवेआगरची बोट मुंबईहून सुटतच नाही. ती मुरूडच्या पुढे आगरदांड्यावरून सुटते आणि खाडी ओलांडून समोर दिघीला लावते. तिथली माणसं तिला जंगल जेटी म्हणतात. सपाट डेक, त्यावर गाड्या, बाईक, एखादा टेम्पो, कडेला उभी माणसं. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. खिडकीवर तिकीट काढायचं आणि रांगेत लागायचं. म्हणजे एकीकडे सीट पक्की पण वेळ चुकली की संपलं, दुसरीकडे वेळेची सक्ती कमी पण तुमचा नंबर कधी लागेल ते पुढच्या गाड्यांवर.

नेहमीची चूक: गाडी घेऊन गेटवेला पोचणे. दर सीझनला एक तरी कुटुंब ताजसमोर गाडी लावायला जागा शोधत फिरताना मला फोन करतं. गाडी असेल तर भाऊचा धक्का, विषय संपला.

२. तास मोजा, किलोमीटर नका मोजू

एक कागद घ्या, हो कागदच, आणि घरातून निघाल्यापासून रूमवर बॅग टेकेपर्यंतचे तास लिहा.

अलिबाग: घर ते धक्का तुमच्या ट्रॅफिकप्रमाणे, जेटीवर लवकर पोचायचा एक तास, बोटीचा एक तास, मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर, त्याला पाऊण तास. किहीमला राहणार असाल तर त्याहून कमी, कारण किहीम वाटेतच लागतं. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिकडे असतो.

दिवेआगर, दोन्ही बोटी घेऊन: वरचं सगळं, मग अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड. हा रस्ता दिसायला सुंदर आहे पण वळणावळणाचा आहे, अलिबाग ते मुरूड पन्नासेक किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात. मग आगरदांडा, तिथली रांग, पंधरा मिनिटं पाणी, आणि दिघीहून पुढे अजून अर्धा-पाऊण तास. बेरीज केली तर सहा-सात तास होतात. माणगाव-म्हसळ्यावरून सरळ रस्त्याने गेलात तर त्याहून लवकर पोचाल.

लोकांना वाटतं दोन बोटी म्हणजे दोन शॉर्टकट. उलट आहे, दोन बोटी म्हणजे दोनदा थांबणं. मजा म्हणून घ्या, मला स्वतःला तोच रस्ता आवडतो, पण वेळ वाचवायला म्हणून घेऊ नका.

माझा हिशोब सरळ आहे. एकच रात्र असेल तर अलिबाग, त्यावर चर्चा नको. दोन रात्री असतील तर दिवेआगर, आणि परतताना एका बाजूने तरी रस्ता. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी, असं दिवेआगर केलेले लोक मला माहीत आहेत, त्यांना बीचपेक्षा साळावच्या पुलाचे फोटो जास्त मिळाले.

तपासा: कागदावरच्या तासांपेक्षा तिकडे जागेपणी घालवायचे तास जास्त आहेत का? नसतील तर ठिकाण बदला किंवा एक रजा टाका.

३. सोबत कोण आहे

गाडी नसेल तर अलिबाग. मांडव्याला उतरल्यावर बस, रिक्षा मिळते, गेटवेच्या काही तिकिटांत अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तिकीट काढतानाच विचारून घ्या. दिघीला गाडीशिवाय उतरलात तर पुढची रिक्षा मिळेल की नाही हे त्या दिवसाच्या नशिबावर, रूमवाल्याला आधी फोन करून ठेवला असेल तरच जा.

म्हातारी माणसं असतील तर गेटवेची लाँच टाळा. पायऱ्या ओल्या असतात, बोट वरखाली होत असते, आणि कधी कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. रो-रोवर गाडीतून थेट आत जाता, मग वर जाऊन बसता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

बोट लागणारं कोणी असेल तर सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि मांडव्याच्या वाटेवर बोट डुलायला लागते, फेब्रुवारी ते मे तर जास्तच. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग होत नाही. बसायचं मधोमध, खालच्या बाजूला, आणि नजर लांब क्षितिजावर, मोबाईलवर नाही. पोट रिकामंही नको आणि मिसळपाव चापूनही नको. आगरदांड्याच्या खाडीत पंधरा मिनिटांत कोणाला काही होत नाही, तिथे त्रास घाटवळणांचा होतो.

४. भरती-ओहोटी, जी कोणीच बघत नाही

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्या सहली इथेच फसतात आणि लोक दोष देतात हॉटेलला.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला बोट लागते. हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून आहे आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. दिवेआगरची पुळण ओहोटीला प्रचंड रुंद, भरतीला पाणी पार सुरूच्या झाडांकडे सरकलेलं. म्हणजे तेच ठिकाण, दोन वेळांना दोन वेगळी ठिकाणं.

भरतीचं टाइमटेबल मोबाईलवर मिळतं, पण जुना हिशोब माहीत असू द्या, नेटवर्क गेलं की तोच कामाला येतो. मला हा अलिबागला मावशीच्या शेजारच्या आजोबांनी शिकवला, ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असायचे आणि घड्याळ न बघता सांगायचे की आत्ता किल्ल्याकडे जाऊ नका. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण भरायची साधारण वेळ, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी.

करून बघा. चतुर्थी, म्हणजे चार, पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. किल्ला सकाळी करायचा. द्वादशी, बारा, पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी. किल्ला जेवण करून. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे जीव त्याच्यावर टाकू नका, स्थानिक माणसाला विचाराच.

आता यातली मेख. अष्टमीला हिशोबाने ओहोटी बरोब्बर दुपारी बाराला येते, म्हणून लोक खूश होतात. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे ओहोटी असूनही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं. पुनवेला-अमावास्येला उधाण, ओहोटीला पाणी खूप आत समुद्राकडे उतरतं, पण ते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे किल्ल्यासाठी गैरसोयीचं. बीचवर चालायला मात्र पुनवेची संध्याकाळ, तोड नाही.

सावध: चालत जायचं तर पाणी उतरत असताना निघा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी. ओहोटी झाल्यावर निघालात तर परत येताना पाणी तुमच्यासोबत चढत असतं. हरिहरेश्वरच्या खडकांवर तर हा नियम मोडूच नका, तिथे लाटेने माणसं ओढली गेली आहेत. सेल्फीसाठी पाठ समुद्राकडे करू नका, मुलांना तर मुळीच करू देऊ नका.

आणि गाडी पुळणीवर न्यायची नाही. कोरडी दिसणारी वाळू चाकाखाली फसते, भरती चढते, मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो दर. गाडी वाळूत घालणं हा काही ॲडव्हेंचर नाही, हा ट्रॅक्टरवाल्याचा रविवारचा धंदा आहे.

५. परतीची बोट आधी बुक करा

नेहमी लोक जायचं तिकीट काढतात, मग रूम, मग जाऊन आल्यावर बघू म्हणतात. उलट करा.

अलिबाग ठरलं तर सगळ्यात आधी रविवारची परतीची रो-रो बघा. ती फुल असेल तर आधीची किंवा सोमवार सकाळची बघा. तीही नसेल तर परतताना वडखळमार्गे रस्त्याने यायची तयारी आहे का ते घरच्यांना विचारा, आणि नसेल तर तारीख बदला. परतीचं तिकीट हातात आल्यावर जायचं काढा, त्यानंतर रूम. बुकिंग करताना गाडीचा प्रकार बरोबर टाका, गाडीत किती माणसं ते नीट भरा, आणि तिकिटावर रिपोर्टिंगची जी वेळ लिहिलेली असते ती बोट सुटायच्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरात कुठंतरी लिहून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल की जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, मग रो-रो कशाला. आठवड्याच्या मधल्या दिवशी खरंच गरज नाही. पण सेतू तुम्हाला न्हावा-शेव्याच्या बाजूला सोडतो, पुढचं पेण, वडखळ तुमचं तुम्हालाच काढायचंय, आणि लाँग वीकेंडला तिथे काय होतं ते अनुभवलेल्यांना सांगायला नको.

दिवेआगरला बुकिंगचा प्रश्न नाही, पण तिथे दुसरा प्रश्न आहे. आगरदांड्याची बोट वाऱ्यामुळे किंवा बिघाडामुळे बंद असली तर समोर दिसणाऱ्या दिघीला जायला रस्त्याने खाडीला मोठा वळसा आहे, घाटातून, मधे फार काही लागत नाही. त्यामुळे मुरूडमध्ये शिरायच्या आधी फोन करून बोट चालू आहे का ते विचारा. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता तेही त्याच फोनवर, कारण सीझनप्रमाणे बदलते.

पावसाळ्याचं थोडक्यात: गेटवेच्या लाँच साधारण जून ते ऑगस्ट बंद असतात. रो-रो कमी फेऱ्यांनी चालते पण हवामान बिघडलं की रद्द होते. जंगल जेटी खाडीत असल्याने बहुतेक चालू असते, वादळी वाऱ्यात थांबवतात. जंजिऱ्याच्या बोटी बंद. जून-जुलैत मासेमारी बंदी असते हेही लक्षात ठेवा, तेव्हा जाऊन ताजं पापलेट मागायचं नाही.

६. राहणं आणि जेवण

यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या तुमच्या आवडीचा भाग आहे. अलिबागकडे बजेटप्रमाणे सगळं मिळतं, व्हिला, रिसॉर्ट, साधी रूम. बीचवर गर्दी मात्र गृहीत धरा, नागावला वॉटर स्पोर्ट्सचा आवाज, अलिबागच्या मुख्य बीचवर शनिवारी जत्राच. दिवेआगरला वाडीतल्या घरगुती राहण्याची खरी मजा, नारळ-सुपारीच्या सावलीत खाट टाकून पडायचं.

एक गोष्ट लोक विसरतात. घरगुती ठिकाणी जेवण ऑर्डर दिल्याशिवाय होत नाही. रात्री नऊला जाऊन मेनूकार्ड मागितलं तर काकू तुमच्याकडे बघतच राहतील. दुपारी पोचताच रात्रीचं सांगा, किती पानं, त्यात व्हेज किती, मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता किती वाजता ते झोपायच्या आधी.

७. आदल्या रात्रीची तयारी

पेट्रोल भरून ठेवा, दिवेआगर करणार असाल तर मुरूड सोडायच्या आधी पुन्हा काटा बघा. रोख पैसे सुट्यांसकट जवळ ठेवा, जेटीवर नेटवर्क गेलं की पेमेंटचं चाक फिरत राहतं आणि मागचे हॉर्न वाजवतात. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा. बोटीवर लागणारी छोटी बॅग वेगळी भरा: पाणी, गोळ्या, टोपी, मुलांचा एक जादा कपडा. रो-रोवर गाडी लावली की वर जाऊन बसायचं असतं, आणि मग अर्ध्या वाटेत औषध डिकीत राहिलं म्हणून आठवलं तर काही करता येत नाही.

तपासा: परतीचं तिकीट, रूमवाल्याचा नंबर, त्या दोन दिवसांच्या भरतीच्या वेळा. तिन्ही एकाच कागदावर, डॅशबोर्डमध्ये.

८. जेटीवर

भाऊच्या धक्क्यावर मासळी बाजारही आहे, सकाळी ट्रकांची आणि हातगाड्यांची गर्दी असते, शेवटचे पाचशे मीटर वीस मिनिटं खाऊ शकतात. रिपोर्टिंगच्या वेळेत हे धरा. काच वर ठेवा, वास मुलांना झेपत नाही.

आगरदांड्याला तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. एकाने उतरून खिडकीवर जायचं, ड्रायव्हरने रांग सोडायची नाही. दोघंही उतरून चहाला गेले की मागची गाडी पुढे येणार, आणि भांडून उपयोग नाही. डेकवरचा माणूस हात करेल तसंच चालवा, तुमच्या मते जागा कितीही असली तरी, वजन कुठे टाकायचं ते त्याला कळतं. ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त असतो, खाली बसलेली गाडी असेल तर अगदी हळू घ्या नाहीतर बंपर घासतो. चढलं की इंजिन बंद, हँडब्रेक, आणि गाडी गिअरमध्ये. हँडब्रेक एकट्यावर भरवसा नको.

सावध: लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बसल्या बसल्या बघा आणि लाँचवर घालायला सांगितलं तर घाला. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेवरून एलिफंटाला निघालेल्या बोटीचा अपघात झाला, शांत समुद्रात, दिवसाढवळ्या. उकडतं म्हणून जॅकेट मांडीवर घेऊन बसणारे अजूनही दिसतात. आणि सीगलना चिप्स घालायला रेलिंगबाहेर वाकणारेही.

९. परतीचा दिवस

हा माझा स्वतःचा पराक्रम. रविवारी चारची रो-रो, आम्ही अलिबागहून पावणेतीनला निघालो, वीस किलोमीटर तर आहे म्हणून. चोंढी नाक्यावर पोचलो आणि पुढे लाल दिव्यांची माळ. किहीमहून निघालेले, सासवण्याहून निघालेले, सगळे त्याच एका रस्त्यावर. मांडव्याच्या गेटवर पोचलो तेव्हा बोट जेटीला लागलेली समोर दिसत होती, पण गाड्यांचं चेक-इन बंद झालेलं. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं. मग गाडी वळवली, पुन्हा तोच चोंढी नाका, मग वडखळ, घरी रात्री साडेअकरा.

तेव्हापासून रविवारी अलिबागहून बोटीच्या अडीच तास आधी निघतो. मांडव्याला लवकर पोचलो तर जेटीवर चहा घेऊन समुद्र बघत बसतो, तोही सहलीचाच भाग.

दिवेआगरहून परतताना वेगळं गणित. रविवारी दुपारनंतर दिघीची रांग वाढत जाते, कारण श्रीवर्धन, हरिहरेश्वरचे लोकही त्याच बोटीला येतात. सकाळी नाश्ता करून दहाच्या आत दिघीला पोचत असाल तर बोट घ्या. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर म्हसळा-माणगावचा रस्ता धरा. आणि दोन बोटींचा बेत असेल, म्हणजे आधी दिघी आणि मग संध्याकाळची मांडव्याची रो-रो, तर तो रविवारी करूच नका. दिघीच्या रांगेत तासभर गेला की पुढे काशीदला कितीही दामटली तरी तो भरून निघत नाही, आणि त्या रस्त्यावर दामटायची नसतेच. हा बेत सोमवारसाठी ठेवा, रांगेत तुम्ही आणि दोन माशांचे टेम्पो एवढेच असाल.